मामाजी आणि घडीच्या चाकूचं तेल

बालाघाट शहरात कुरकुरणारं एखादं दार, करकरणारी एखादी सायकल किंवा मध्येच अडकणारी एखादी कात्री अजून शिल्लक असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की माझ्या बायकोचे मामा त्या घरी अजून चहाला गेलेले नाहीत. मामाजी पाहुणे म्हणून आले की आधी दाराची बिजागरी ऐकतात आणि मग यजमानांचं बोलणं. शर्टाच्या वरच्या खिशात, जिथे सभ्य माणसं पेन ठेवतात, तिथे त्यांची इंजेक्शनची सुई लावलेली तेलाची इवलीशी बाटली असते. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या छातीवर कळकट हिरवट डाग आहे. मामी म्हणतात, "लोकाइच्या छातीवर बिल्ला असते, आमच्या याइच्या छातीवर डाग."

भरवेलीच्या खाणीत मामाजी वर्कशॉपमध्ये फिटर होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हत्तीएवढ्या यंत्रांना तेल आणि ग्रीस पाजलं. निवृत्त झाल्यावर एवढं तेल पाजायला घरात दुसरं काही उरलं नाही, म्हणून असेल किंवा लहानपणापासूनची हौस म्हणून असेल, ते बोटाएवढ्या घडीच्या चाकूंकडे वळले. असे अकरा चाकू त्यांच्याकडे आहेत. एखादा जत्रेतला, एखादा खाणीतल्या जुन्या सोबत्याने दिलेला, एखादा लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेला. सगळे फळं कापण्याच्या मापाचे, मुठीत पातं मिटवून ठेवण्याचे. मामाजींना त्यांच्या धारेचं विशेष कौतुक नाही. त्यांचं सगळं लक्ष पातं ज्या खिळ्याभोवती फिरतं त्या खिळ्यावर आणि पात्याला मागून दाबून धरणाऱ्या लोखंडी पट्टीवर. चाकू उघडताना हाताला काय वाटलं, पातं किती वेळा थबकलं, शेवटी 'खट' असा आवाज आला की 'खुट' असा, यावर ते अर्धा तास बोलू शकतात. तो अर्धा तास मी ऐकलेला आहे.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा बाकीच्या वडीलधाऱ्यांनी मला नोकरी, पगार, गाव असे रीतसर प्रश्न विचारले. मामाजी कोपऱ्यात गप्प बसले होते. पोहे संपत आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरच्या कुलपाले तेल कोनतं देता?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "देत नाही." सगळ्यांचे चमचे जागीच थांबले, जणू मी दारू पितो असं सांगितलं होतं. मग मामाजी सावकाश म्हणाले, "खोटं नाही बोलला पोरगा. तेलाचं शिकवता येते." लग्न ठरलं ते या शेऱ्यावर, असं माझी बायको अजून म्हणते. लग्नानंतर पहिल्या भेटीला सासरच्या बाकी मंडळींनी कपडे दिले, मामाजींनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी दिली.

घडीच्या चाकूला कोणतं तेल द्यावं, हा प्रश्न ऐकायला एवढासा वाटतो. पण मामाजींनी त्यावर आठ वर्षं घातली. शिलाई मशीनचं तेल पातळ, चाकू लोण्यासारखा चालतो, पण तीन दिवसांत सगळं तेल चाकूतून निघून सदऱ्यात येतं. खोबरेल उन्हाळाभर उत्तम. पण आमच्याकडची पौषातली थंडी पडली की बाटलीतलं तेल गोठतं तसं चाकूतलंही गोठतं. एका सकाळी पेरू कापण्यासाठी मामाजी दहा मिनिटं चाकू काखेत धरून बसले होते, आणि ताप मोजताहेत असं समजून शेजारीण काढा घेऊन आली. मोहरीचं तेल महिन्याभरात चिकट होतं. मोहाच्या बियांचं टोरीचं तेल थंडीत थेट तूप होतं. जवसाचं तर नाव काढायचं नाही. ते वाळलं की व्हार्निश होतं, आणि मग चाकू उघडायला पहिलवान लागतो. "जवस म्हंजे चाकूचा दुश्मन," मामाजी सांगत, "लाकडाले लावा, बैलगाडीले लावा, चाकूपासून दूर ठेवा." एकदा त्यांनी पेन्सिलीचं शिसं कुटून त्याची पूड घातली. चाकू सुरेख चालला. पण त्या दिवशी आलेल्या पाहुण्याने पेरूच्या काळ्या फोडी खाल्ल्या आणि जाईपर्यंत तोंड उघडून हसला नाही. नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलीने ऑनलाइन मागवून एक परदेशी तेल पाठवलं, आणि त्याचबरोबर गंज सोडवणारा तो फवाऱ्याचा डबा. फवाऱ्याबद्दल मामाजींचं मत पक्कं आहे: "हा पाहुना आहे. येते, घर साफ करते अन् चालला जाते. घरात राहाचं काम याच्यानं होत नाही." परदेशी तेलाचा थेंब त्यांनी जिभेवर घेतला. मी ओरडलो. ते म्हणाले, "जवाईबापू, जे फळाच्या फोडीले लागन, ते आधी माह्या जिभेले लागलं पायजे. दुसऱ्याच्या पोटात कायले परीक्षा घ्याची?" दोन दिवस त्यांना जेवणाची चव लागली नाही आणि ते तेल बाद झालं.

शेवटी त्यांना कुणीतरी सांगितलं की औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरून बघा. त्याला वास नाही, चव नाही, ते वाळत नाही आणि पोटात गेलं तरी चालतं. ते मुळात पोट साफ होण्यासाठीच घेतात हे मात्र सांगणाऱ्याने सांगितलं नाही. मी त्यांच्यासोबत होतो. दुकानदाराने सहानुभूतीने विचारलं, "दादाजी, तकलीफ कब से है?"

"आठ दिन से," मामाजी म्हणाले. "आधा खुलता है, फिर बीच में अटक जाता है।"

"ज़ोर लगाना पड़ता है?"

"बहुत। नाखून टूट गया।"

दुकानदाराचा हात बाटलीवरच थांबला. मी मध्ये पडून चाकूबद्दल सांगेपर्यंत मागे उभ्या असलेल्या तीन गिऱ्हाइकांनी सगळं ऐकलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ओळखीचे लोक मामाजींना रस्त्यात थांबवून पपई खात जा, इसबगोल घेत जा, असं सांगत होते. मामाजींनी प्रत्येकाचे आभार मानले. कारण तेल खरंच चांगलं निघालं होतं.

या तेलाची परीक्षा धुळीत कशी होते ते बघायला एकदा ते अकराही चाकू पिशवीत घालून तिरोडीला निघाले. तिथे मामींचं माहेर, आणि मँगनीजची काळी धूळ भरपूर. निवडणुकीचे दिवस होते. कटंगीच्या बसस्टँडवर पोलीस सामान तपासत होते. शिपायाने पिशवी उघडली तर आत फडक्यात गुंडाळलेले अकरा चाकू आणि पाच बाटल्या.

"बाबूजी, ये सब क्या है?"

"परीक्षण चल रहा है," मामाजी म्हणाले, आणि शिपायाला बाकावर बसवून त्यांनी एकेक चाकू उघडून दाखवायला सुरुवात केली. चौथ्या चाकूपर्यंत बस निघून गेली. सातव्यापर्यंत शिपायाच्या लक्षात आलं की या माणसाकडून फक्त वेळेला धोका आहे. तेवढ्यात मामाजींची नजर त्याच्या पट्ट्याला लटकलेल्या बेडीवर गेली. "इसको तेल कब दिया था?" शिपाई गोंधळला. मामाजींनी बेडी मागून घेतली, कुलपात दोन थेंब सोडले, चार वेळा उघडली, मिटली आणि परत केली. पुढच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा त्या शिपायानेच मिळवून दिली.

हे सगळं मामी पाहत होत्या आणि आमच्या घरातल्या प्रत्येक समारंभात रंगवून सांगत होत्या. मामी उंचनिंच, आवाजाने मोठ्या आणि हाताने झरझर. आमच्याकडे विळीला पावशी म्हणतात. लग्नकार्यात पावशीवर मामी बसल्या की दुसऱ्या कुणी बसायचं कारण नसे. नवऱ्याच्या चाकूंना त्यांनी कधी हात लावला नव्हता. "खेळनं हाय ते याइचं," एवढंच म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी मामींच्या हातातून कपबशी पडली, आणि ती उचलायला त्या वाकल्या त्या वर उठल्याच नाहीत. गोंदियाच्या दवाखान्यात वीस दिवस गेले. बोलणं परत आलं, पायही बऱ्यापैकी परत आला. उजवा हात मात्र आला नाही. घरी आल्यावर मामी ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहू लागल्या, उजवा हात पदराखाली झाकून. कुणी भेटायला आलं की बोलायच्या नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी डाव्या हाताने अंगणात भिरकावला. "मी काय लेकरू आहो काय?" शेजाऱ्यांच्या कुत्र्याने तो चेंडू नेला आणि पुन्हा कुणी आणला नाही. ज्या घरात मामींचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा, तिथे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मामाजींनी त्या घड्याळालाही तेल दिलं, पण त्याने घर काही बोलतं झालं नाही.

त्या दिवसांत मामाजी मामींच्या शेजारी बसून आपले चाकू पुसत बसायचे. दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. एकदा ते आत पाणी आणायला गेले असताना मामींनी स्टुलावरचा एक चाकू डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी पातं ओढून पाहिलं. बोटं घसरली. मामाजींनी दारातून ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवून ते पाण्याचा तांब्या घेऊन परत आत गेले.

त्या दुपारी त्यांनी तो चाकू परसात नेला आणि त्याची धार दगडावर घासून मोडून टाकली. ज्या माणसाने आयुष्यात हत्यार बोथट होऊ दिलं नाही, त्याने. मग त्यात ते पॅराफिन दोन थेंब घालून, विसरल्यासारखा तो स्टुलावर ठेवून दिला आणि "कोथिंबीर आनतो" म्हणून बाजारात गेले. दुसऱ्या दिवशीही कोथिंबीर. मग सकाळ-संध्याकाळ कोथिंबीर. घरात इतकी कोथिंबीर झाली की शेजारपाजारच्या चार घरांत महिनाभर रोज वडी होत होती.

मला हे कळलं ते एका सकाळी मी भेटायला गेलो तेव्हा. मामाजी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन स्वतःच्याच घराच्या फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभे होते. मला पाहताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आतून मामींचा धापा टाकल्याचा आवाज येत होता, मध्येच पुटपुटणं. बराच वेळ गेला. मग आतून बारीकसं 'खट' ऐकू आलं. मामाजींनी डोळे मिटले. "आज चौथ्यांदा उघडला," ते कुजबुजले, "चला आता आत. अन् बोलू नका काही. तिले वाटते मले मालूम नाही."

"मामाजी, विचारून टाका न सरळ. सोबत बसून करा."

"नाही जवाईबापू. समोर बसलो त ती फेकून देईन. चेंडू फेकला न."

दीड महिन्यात तो चाकू मामींच्या हातात सहज उघडू लागला. मला वाटलं, झालं. पण मामाजी मला बाजारातल्या चहाच्या टपरीवर भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. चहा निवून गेला होता.

"काय झालं?"

"सोपं झालं तिले," ते म्हणाले. "आता बोटाइले कामच नाही राह्यलं. घट्ट करा लागते."

"मग करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होतो. "आठ वर्षं मी चाकू हलका कसा चालन, हेच पाहून राह्यलो. जड कसा करू?"

पण केला. आधी त्यांनी चाकू पुसून त्यात एरंडेल घातलं. मामींना आठ दिवस लागले. मग एरंडेलात ग्रीस कालवलं. पंधरा दिवस. ज्या ज्या तेलाला त्यांनी नावं ठेवली होती, ते ते तेल आता कामाला आलं. दर वेळी बदल करायचा तो मामी आंघोळीला गेल्यावर, आणि मग पुन्हा कोथिंबीर. शेवटी एक दिवस त्यांनी जवस घातला आणि चाकू चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवला.

तो चाकू परत स्टुलावर आला त्या दिवशी मी तिथे होतो. बाजारात जायचं म्हणून आम्ही दोघं बाहेर पडलो आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन उभे राहिलो. मामाजींच्याने बाहेर राहवलं नव्हतं. दाराच्या फटीतून ओसरी दिसत होती. मामींनी पातं ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. डाव्या मुठीत चाकू गच्च धरून, दात-ओठ खाऊन त्या ओढत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग त्यांनी चाकू मांडीवर ठेवला, उजवा हात डाव्या हाताने उचलून पदराखाली घेतला, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळू लागलं. मामी रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मामाजींनी खिशातली तेलाची बाटली काढली होती. तिचं टोपण उघडलेलं होतं.

"द्या न दोन थेंब," मी न राहवून म्हणालो. "उद्या बघू."

"नाही," ते म्हणाले. "आज देल्ले त ती उद्या उघडन. मंग काय फायदा?" त्यांनी टोपण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना. ते मी लावलं.

पुढचे चार दिवस मामाजी जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. माझ्याकडे येऊन बसत आणि थोड्या वेळाने परत जात. बायकोने आग्रहाने वाढलं तर म्हणायचे, "मीच घट्ट केला न तो." पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पोहोचलो आणि फाटकातच मामींचा आवाज ऐकला. आजारपणाच्या आधीचा, रस्त्यापर्यंत येणारा.

"आयकलं काय? इकडे या. जवाईबापू, तुमीही या."

आम्ही दोघं ओसरीवर गेलो. मामी ताठ बसल्या होत्या. त्यांनी चाकू डाव्या हातात धरला, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट पात्याच्या खाचेत रुतवलं, आणि ओढलं. नख पांढरं पडलं. हात थरथरला. पातं कुरकुरत, रडत-पडत, जवसाच्या पापुद्र्यातून वर आलं आणि अखेर सरळ झालं.

"जवस टाकते काय कोनी चाकूत?" मामी कडाडल्या. "येडे झाले काय?"

मामाजी चाकूकडे बघत म्हणाले, "तुले मालूम होतं?"

"एरंडेल टाकलं तवाच समजलं. वास येत नाही काय मले? अन् कोथिंबीर! दिवसातून दोनदा कोथिंबीर कोन आनते?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलले काय?"

मामींनी चाकू त्यांच्यापुढे धरला. हात अजून कापत होता, पण चाकू उजव्याच हातात होता. "हा धुवून टाका अन् याले धार लावून द्या. भाजी चिराची आहे मले. कोथिंबिरीचा कंटाळा आला."

मामाजींनी चाकू घेतला आणि घाईघाईने परसात गेले. मी मागोमाग गेलो तर ते दगडासमोर उकिडवे बसले होते, चाकू पाण्यात बुडवून, पण घासत नव्हते. खांदे हलत होते. मी परत ओसरीवर आलो. मामींनी विचारलं, "रडून राह्यले काय?" मी हो म्हटलं. "रडू द्या," त्या म्हणाल्या, "चार दिवस जेवले नाही ते. चहा ठेवते मी." आणि भिंतीला हात लावत उठल्या.

मामींचा हात पुरता परत आला नाही, शेवटची दोन बोटं अजून आत वळलेली राहतात. पावशीवर खाली बसणं आता होत नाही. खुर्चीत बसून, मांडीवर पाट घेऊन त्याच घडीच्या चाकूने भाजी चिरतात. बोलणंही चालू असतं, आवाजही रस्त्यापर्यंत येतो. दोघांचंही वय झालं आहे. मामाजींना आता जवळचं नीट दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, ते टाळताहेत.

गेल्या महिन्यात सकाळी सहज डोकावलो. कोवळं ऊन होतं. ओसरीवर दोघंही एका चाकूवर वाकलेले होते. मामींनी आपल्या उजव्या हाताच्या तीन बोटांत तो घट्ट धरला होता आणि मामाजी सुईचं टोक खिळ्यावर नेण्याचा प्रयत्न करत होते. थेंब एकदा मामींच्या नखावर पडला, एकदा लुगड्यावर.

"हलू नको न."

"मी कुठं हलून राह्यली? तुमचाच हात हलते. थोडं इकडे या. अजून. हौ, आता सोडा."

या वेळी थेंब जागेवर पडला असावा. मामाजी तसेच वाकून बसले होते आणि मामींनी चाकू तसाच धरून ठेवला होता. मी आल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी थोडा वेळ फाटकापाशी उभा राहिलो, मग ते हलकेच लावून घेतलं आणि घरी आलो. तेल कोणतं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.